गडमाथ्यावरून ४० आणि २० मीटर: एकट्याला उभारता येईल अशी अँटेना कोणती?

गडवाट:

नमस्कार मंडळी. सह्याद्रीतल्या माथ्यांवरून हौशी (हॅम) रेडिओवर एचएफ, म्हणजे लघुलहरी, चालवायचं आहे. रिग (रेडिओ संच) २० वॉटची, आत अँटेना जुळवणारा ट्यूनर आहे, बॅटरी १२.८ व्होल्ट ६ एएच. अँटेना ठरत नाहीये.

काठी, वायर, कोॲक्स (रिग ते अँटेना केबल), दोऱ्या सगळं मिळून दीड किलोच्या आत बसायला हवं आणि एकट्या माणसाला वीस-पंचवीस मिनिटांत उभं करता यायला हवं. माथ्यावर झाड नसतं, असली तर कारवी. बऱ्याच ठिकाणी कातळ, त्यामुळे खुंटी शिरणार नाही. किल्ला संरक्षित असेल तर तटबंदीत काही ठोकायचा प्रश्नच नाही.

वापर असा: सकाळी ४० मीटर बँडवर (७ मेगाहर्ट्झ) महाराष्ट्रातली स्टेशनं (नाशिक, कोल्हापूर, जमलं तर नागपूर), दुपारनंतर २० मीटरवर (१४ मेगाहर्ट्झ) बाहेरचे देश. मुख्यतः एसएसबी (बोलणं), थोडं एफटी८ (संगणकावरून छोटे संदेश).

यादीत चार नावं आहेत: ५.६ मीटरचा टेलिस्कोपिक व्हिप (उभी काडी) आणि त्याच्या बुडाशी कॉइल, ४९:१ ची एंड-फेड (४९:१ ट्रान्सफॉर्मरने एका टोकाला जोडलेली वायर), लिंक डायपोल (मधोमध जोडलेली वायर, लिंक उघडून-लावून बँडनुसार लांबी बदलते), मॅग्नेटिक लूप (वायरचं छोटं कडं). जाहिरातीत चारही 'सगळ्या बँडवर चालतात'. व्हिप सगळ्यात सोयीचा दिसतो, तोच घ्यावा का?

लांबतार:

४० वर महाराष्ट्र हवा असेल तर व्हिप घेऊ नका.

पुण्याच्या आसपासच्या डोंगरावरून नाशिक हवाई अंतराने दीड-पावणेदोनशे किलोमीटर, कोल्हापूर साधारण दोनशे, नागपूर सहाशेच्या वर. एफ थर (लहर जमिनीकडे परतवणारा आकाशातला थर) तीनशे किलोमीटरवर धरला तर कोल्हापूरला जाणारी लहर जमिनीपासून ७० अंशांनी, म्हणजे जवळजवळ डोक्यावर सोडावी लागते. नागपूरसाठी ४०-४५ अंश. उभा व्हिप नेमका डोक्यावरच आंधळा असतो. ७० अंशांना तो आपल्या सर्वोत्तम कोनापेक्षा नऊ-दहा डीबी (डेसिबल; १० डीबी म्हणजे शक्तीत दसपट फरक) खाली असतो.

हे झालं कोनाचं. आता नुकसान बघा. ७.१ मेगाहर्ट्झला ५.६ मीटरच्या व्हिपचा रेडिएशन रेझिस्टन्स जेमतेम ७ ओहम. कातळावर तीन-चार आखूड रेडियल (व्हिपच्या बुडापासून पसरायच्या वायरी) टाकले तर जमिनीतलं नुकसान २०-२२ ओहम सहज, कॉइलचे आणखी ३. बत्तीस ओहमांपैकी कामाचे सात, म्हणजे २० वॉटपैकी हवेत जातात चार-साडेचार. बाकीचे कातळ तापवतात. आणि गंमत अशी की बत्तीस ओहम ५० च्या जवळ असल्यामुळे मीटरवर एसडब्ल्यूआर (रिगशी जुळणी सांगणारा आकडा, १ म्हणजे पूर्ण जुळणी) दीडच्या आसपास दिसतो आणि माणूस खूश होतो. डमी लोडचा (सगळी शक्ती नुसती उष्णतेत जिरवणाऱ्या रेझिस्टरचा) एसडब्ल्यूआर तर १ असतो!

उलट सहा-सात मीटरवर टांगलेली ४० मीटरची डायपोल आपली बहुतेक शक्ती सरळ वर फेकते. एरवी 'फार खाली टांगली' म्हणून हिला नावं ठेवतात, पण दोनशे किलोमीटरच्या कामाला हाच गुण आहे. दोन्हींतला फरक या अंतरावर १५-२० डीबी पडतो. २० वॉटच्या एसएसबीला १५ डीबी म्हणजे ऐकू येणं आणि न येणं.

लूपबद्दल थोडक्यात: एक मीटर व्यासाची लूप ४० वर दहा टक्क्यांच्याही आत कार्यक्षम असते. बँडविड्थ दहा-पंधरा किलोहर्ट्झ, वारंवारता जरा बदलली की पुन्हा जुळवा. २० वॉटलाही कपॅसिटरवर हजाराच्या वर व्होल्ट चढतात. ती फ्लॅटच्या बाल्कनीची अँटेना आहे, उघड्या डोंगरावर २० मीटर वायर ताणायला जागा असताना तिचं काम नाही.

म्हणून माझं मत लिंक डायपोल, इन्व्हर्टेड व्ही आकारात, म्हणजे मध्य काठीवर उंच आणि दोन्ही टोकं खाली.

रिंगमास्तर:

व्हिप आणि लूपबद्दल सहमत. पण एंड-फेड इतक्या सहज बाजूला सारू नका. अर्ध्या तरंगाची वायर ती अर्ध्या तरंगाचीच. डायपोलमध्ये ती मध्ये तोडून ५० ओहमाजवळ फीड करता, एंड-फेडमध्ये टोकाला अडीच हजार ओहमांपाशी. मधला भाग उंच आणि दोन्ही टोकं खाली अशी टांगली, तर ४० वर दोन्हींचं रेडिएशन जवळजवळ सारखंच.

सोय मात्र एंड-फेडची. काठीच्या टोकाला फक्त बारीक वायर, कोॲक्स खाली जमिनीजवळ. त्यामुळे हलकी काठी चालते, वाऱ्यात कमी वाकते. २० मीटर वायर ४०, २०, १५, १० चारही बँडवर अनुनादात येते आणि बँड बदलायला काठी उतरवावी लागत नाही.

ट्रान्सफॉर्मर घरी करता येतो. कोअर (फेराइटची रिंग) एफटी१४०-४३, ०.८ मिमी इनॅमल तांब्याची तार. प्रायमरी २ फेरे, सेकंडरी एकूण १४. पहिले दोन फेरे प्रायमरीसोबत पीळ देऊन घ्या, पुढचे पाच त्याच बाजूला, मग तार कोअरच्या आतून समोरच्या बाजूला काढून उरलेले सात. प्रायमरीवर समांतर १०० पीएफचा कपॅसिटर, एनपीओ सिरॅमिक, १ केव्ही. हा नसला तर ४० वर फारसं बिघडत नाही, पण १५ आणि १० वर एसडब्ल्यूआर चढतो. तपासायला सेकंडरीवर २.२के आणि २७० ओहम एकापुढे एक जोडा (कार्बन किंवा मेटल फिल्म, वायरवाउंड नको) आणि नॅनोव्हीएनएवर (अँटेना मोजायचं छोटं यंत्र) ७ ते २१ मेगाहर्ट्झपर्यंत एसडब्ल्यूआर दीडच्या आत येतो का बघा.

कोअर जपून घ्या. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला फेराइट रिंगा मिळतात, पण मिक्स (फेराइटचा प्रकार) कोणतं ते दुकानदाराला सांगता येत नाही. पिवळी-पांढरी रिंग जुन्या कॉम्प्युटर सप्लायमधून निघते, ती लोहचूर्णाची असते, इथे कुचकामी. खात्रीची चाचणी: १० फेरे गुंडाळून इंडक्टन्स मोजा. एफटी१४०-४३ असेल तर ९० मायक्रोहेन्रीच्या आसपास येईल, वीस टक्के इकडेतिकडे. पाच किंवा तीनशे आला तर दुसरंच काहीतरी आहे.

काउंटरपॉइज (परतीच्या प्रवाहाची वाट) म्हणून २ मीटर वायर, किंवा कोॲक्सचा पहिला दोन-तीन मीटरचा भाग आणि त्यानंतर चोक (कोॲक्सच्या बाहेरून रिगकडे येणारा प्रवाह अडवणारी गुंडाळी). चोक ट्रान्सफॉर्मरला चिकटून लावू नका. परतीच्या प्रवाहाला वाट उरत नाही आणि अँटेना हात लावला की एसडब्ल्यूआर हलवते. चोकच नसेल तर रिग, माइक सगळंच अँटेनाचा भाग होतं. बोलताना ओठाला चटका बसला की समजा तेच झालंय.

लांबतार:

४० वर तुमचं म्हणणं मान्य. नुकसानही तोडीस तोड आहे. डायपोलला १० मीटर आरजी-१७४ (बारीक कोॲक्स) लागते, ती ७ मेगाहर्ट्झला साधारण १ डीबी खाते. तुमचा ट्रान्सफॉर्मर एक ते दीड डीबी खातो, पण कोॲक्स तीन मीटरच पुरते. बरोबरी.

फरक २० वर पडतो. २० मीटर वायर तिथे पूर्ण तरंगाची होते आणि मधोमध, म्हणजे नेमकी काठीच्या टोकावर, प्रवाह शून्य. प्रवाहाची दोन शिखरं दोन्ही उतारांच्या मध्यावर, जमिनीपासून चारेक मीटरवर. काठीच्या उंचीचा फायदा शून्य प्रवाहाच्या जागेला मिळतो. लिंक उघडलेली डायपोल २० वरही सगळ्यात जास्त प्रवाह काठीच्या टोकावरच ठेवते. गडवाट यांना २० वर लांबचे देश हवे आहेत, त्यांच्यासाठी हे महत्त्वाचं.

दुसरं, एफटी८. पंधरा सेकंदांचे पूर्ण शक्तीचे फेरे. २० वॉटपैकी चार वॉट बंद डबीतल्या कोअरमध्ये, वर मार्चचं ऊन. एफटी८ला शक्ती १० वॉटवर आणा किंवा एफटी२४०-४३ वापरा, पण मग वजनाचा फायदा गेला.

आणि आतला ट्यूनर आहे म्हणून ४९:१ वर ३० किंवा १७ मीटर चालवायचा मोह होईल. ट्यूनर रिगला १.१ दाखवेल, कोअरला नाही. तो तापतच राहील.

गडवाट:

दोघांचेही आभार. लिंक डायपोल करतो. आता मापं आणि क्रम सांगाल का? ४० आणि २० दोनच बँड. कातळावर काठी कशी उभी करायची हेही कोणी सांगितलं तर बरं. एक शंका: इन्व्हर्टेड व्ही २० वर लांब पल्ल्याला चालेल का, की त्यासाठी वेगळं काही बाळगावं?

लांबतार:

सूत्र: अर्ध्या तरंगाची लांबी मीटरमध्ये = १४२.६ भागिले मेगाहर्ट्झ. ७.१ ला २०.०८, म्हणजे बाजूला १०.०४. १४.२ ला बाजूला ५.०२. पीव्हीसी आवरणाची वायर याहून दोन-तीन टक्के आखूड लागते, पण सुरुवात लांबच ठेवा: आतला तुकडा ५.१५ मीटर, बाहेरचा ५.२५. दोन्ही बाजूंना सारखंच.

साहित्य:
बारीक लवचीक तांब्याची वायर २१ मीटर, ०.२५ ते ०.५ चौरस मिमी. ०.५ ची साधारण दोनशे ग्रॅम भरते, बारीक घेतली तर निम्म्याहून कमी.
आरजी-१७४ १० मीटर, एका टोकाला बीएनसी कनेक्टर. सव्वाशे ग्रॅम. आरजी-५८ चं नुकसान निम्म्याहून कमी, पण वजन तिप्पट आणि तिच्या ओझ्याने काठीचं टोक वाकतं.
चोकसाठी एक एफटी१४०-४३, त्यावर याच आरजी-१७४ चे १० फेरे, फीड पॉइंटपाशी (कोॲक्स वायरला मिळते तिथे).
मधल्या इन्सुलेटरला ॲक्रिलिक किंवा जाड प्लास्टिकचा ४ × ६ सेंमी तुकडा. लिंक आणि टोकांना पीव्हीसी पाइपचे चार काप.
लिंकसाठी २ मिमीचे बुलेट कनेक्टर दोन जोड. क्रोकोडाइल क्लिपही चालतात, पण दमट हवेत गंजतात.
गवंड्याची लाइनदोरी २० मीटर, भडक रंगाची. मांजा वापरू नका.

मधल्या तुकड्याला भोकं पाडून वायर दोनदा ओवून घ्या, म्हणजे ओढ सोल्डरवर येत नाही. लिंकचंही तसंच: ताण पीव्हीसीच्या कापाने घ्यायचा, कनेक्टर सैल लोंबता हवा. या अँटेनात बिघडतं ते बहुतेक इथेच. आरजी-१७४ चा मधला धागा केसासारखा असतो, तो आवरणाच्या आत तुटतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. सोल्डर झाल्यावर कोॲक्सचं उघडं तोंड सिलिकॉनने बंद करा, नाहीतर धुक्याचं पाणी कोॲक्सच्या तारांच्या जाळीतून आत चढतं. सिलिकॉन न्यूट्रल प्रकारचं घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं तांबं खातं.

जुळवणीचा क्रम: आधी दोन्ही लिंक उघड्या ठेवून २० जुळवा, मग लिंक लावून ४०. उलट केलंत तर आतला तुकडा बदलताच ४० पुन्हा हलेल. २० वर दोन्ही बाजूंचा एकेक सेंटिमीटर कमी केला की डिप (एसडब्ल्यूआर सगळ्यात कमी येतो ती वारंवारता) साधारण २८ किलोहर्ट्झ वर जातो. ४० वर दहा सेंटिमीटरला ७०. आपल्याकडे ४० मीटर ७.००० ते ७.२०० एवढाच आहे, तेव्हा डिप ७.१०० ला ठेवला की पूर्ण बँड दोनच्या आत येतो आणि ट्यूनरला हातही लावावा लागत नाही. वायर कापू नका, टोक दुमडून स्वतःभोवती पिळा. आवरण असलेली वायर घट्ट दुमडली की विजेच्या हिशेबाने ती आखूडच होते.

काटकोन:

कातळाचं मी सांगतो.

काठी ७ मीटरची फायबरग्लास, गळाची. कार्बन नको, तो वीज वाहून नेतो आणि डायपोल बिघडवतो. घडीची लांबी विकत घेण्याआधी मोजा. सत्तर सेंटिमीटरच्या वर गेली की सॅकबाहेर राहते आणि चढताना कारवीत अडकते. वरचा सगळ्यात बारीक तुकडा काढून टाका, मधला इन्सुलेटर, चोक आणि कोॲक्स त्याला पेलत नाहीत. उरते साडेसहा मीटर, तेवढी पुरे.

साडेसहा मीटरवर मध्य आणि दोन मीटरवर टोकं ठेवली तर प्रत्येक बाजू आडवी नऊ मीटर जाते, कोन १२५ अंशांच्या आसपास. टोकाच्या दोऱ्या जमिनीपर्यंत आणखी चार-चार मीटर. म्हणजे एका रेषेत २६ मीटर हवेत. कोन नव्वदच्या खाली नेऊ नका, दोन्ही बाजू एकमेकींना खोडायला लागतात. टोकं दोन मीटरच्या खालीही नकोत: २० वॉटला तिथे दोनशेच्या वर व्होल्ट असतात आणि गडावर पोरं येऊन हात लावतातच. माकडांना दोरी ओढायची असतेच, त्यावर काही इलाज नाही.

राजगडाच्या संजीवनीसारख्या चिंचोळ्या माचीवर वायर माचीच्या लांबीने टाका. दिशेची काळजी नको. एवढ्या कमी उंचीवर ४० ची डायपोल सगळीकडे सारखीच जाते.

खुंटीऐवजी दगड. बटाटे-कांद्याची जाळीदार पिशवी घडी करून न्या, वर सुटे दगड चार-पाच किलो भरा, दोरी पिशवीला बांधा. निघताना दगड होते तिथे टाका. तटाचा किंवा जोत्याचा दगड हलवायचा नाही, फटीत काही खुपसायचं नाही. अँटेनाच्या दोन बाजू हेच दोन ताण, म्हणून काटकोनात आणखी दोन ताण पुरतात, काठीच्या एक तृतीयांश उंचीवर, साधारण दोन मीटरला. 

एकट्याने करायचा क्रम: काठी आडवी ठेवून चारही दोऱ्यांची लांबी ठरवा. वाऱ्याकडचा ताण आणि वायरची एक बाजू पिशव्यांना बांधून टाका. काठी मिटलेलीच उभी करा, इन्सुलेटर अडकवा, मग सगळ्यात बारीक तुकडा आधी ओढा आणि खाली येत जा. प्रत्येक जोड थोडा पिळून बसवा, हातोड्यासारखा ठोकू नका. जोडात बारीक खडी गेली की काठी मिटत नाही, म्हणून आधी फडक्याने पुसा. जोड घसरत असतील तर वर विजेची चिकटपट्टी.

एप्रिल-मेमधला वळीव आणि ऑक्टोबरमधला परतीचा पाऊस, या दिवसांत दुपारनंतर माथ्यावर काठी उभी ठेवू नका. रिसिव्हरमध्ये कडकड वाढू लागली की तीच सूचना. गडगडाट ऐकू आला असेल तर अँटेना आवरायच्याही भानगडीत पडू नका. कोॲक्स रिगमधून उपटा, काठी आहे तिथे सोडा आणि माथ्यावरून खाली उतरा. पायथ्याच्या पठारावर उभारणार असाल तर वर महावितरणच्या तारा नाहीत ना ते बघा. काठी आडवी पडली तरी तारेपर्यंत पोचू नये एवढं अंतर.

लांबतार:

२० वर लांब पल्ल्याची शंका राहिली. साडेसहा मीटरवरची इन्व्हर्टेड व्ही २० ला तरंगाच्या एक तृतीयांश उंचीवर येते. तिचा जोर ४० अंशांच्या वरच. आग्नेय आशिया, आखाती देश नीट होतील. युरोप, जपान बँड चांगला असताना.

त्याहून लांब जायचं तर तीच डायपोल उभी करा, वेगळं काही न्यायला नको. लिंक उघडा, बाहेरचे तुकडे गुंडाळून ठेवा. मधला इन्सुलेटर दीड मीटरवर बांधा, कोॲक्सच्या मधल्या धाग्याची ५ मीटरची बाजू काठीवर सरळ वर, जाळीची बाजू तिरकी खाली, टोक जमिनीपासून अर्धा मीटर वर (इथे ते खालीच राहतं, जवळ कोणी नाही ना ते बघा). झाला पाव तरंगाचा उभा आणि उचललेला रेडियल. आणखी एक पाच मीटरची वायर जाळीला जोडून उलट दिशेला टाकली तर उत्तम. एकच रेडियल असेल तर त्या दिशेला किंचित जास्त जातं. युरोपसाठी तो वायव्येकडे ताणा.

उचललेला रेडियल जमिनीवर पडलेल्यापेक्षा कातळावर कितीतरी बरा. बेसाल्टच्या उघड्या माथ्यावर माती नसतेच, परतीचा प्रवाह वायरमधूनच जाऊ द्यायचा. पण उचललेले रेडियल मापाचेच हवेत, पाच मीटरऐवजी सात चालणार नाहीत. जमिनीवर पडलेल्यांना मात्र मापाचं बंधन नाही, तिथे संख्या महत्त्वाची. आणि कडा जवळ असेल तर पश्चिमेच्या कड्याशी उभारा. कोकणाकडे सरळ उतरणारा कडा समोर असला की कमी कोनाच्या लहरींना मैदानापेक्षा फायदा मिळतो. हा फायदा तुमच्या कुठल्याही खर्चाने मिळणार नाही.

रिंगमास्तर:

हे उभं करायचं डोक्यात आलं नव्हतं, छान आहे.

हँडी (हातातला छोटा रेडिओ संच) सोबत असेलच, म्हणून एक पुरवणी. तिच्या रबरी अँटेनाला काउंटरपॉइज नसतो. बीएनसी किंवा एसएमएच्या बाहेरच्या कड्याला ४९ सेंटिमीटरची वायर अडकवून खाली लोंबकळत सोडा, १४५ मेगाहर्ट्झला तो पाव तरंग होतो. फुकटात फरक पडतो. अपवाद सिंहगडासारख्या जागा: प्रक्षेपण मनोरा शेजारी असताना स्वस्त हँडीचा रिसिव्हर बधिर होतो आणि अँटेना मोठी केली की आणखीच. तिथे आखूड अँटेनाच बरी, किंवा मनोऱ्याच्या आणि आपल्या मध्ये टेकाडाचा आडोसा घ्या.

गडवाट:

तयार झाली. गच्चीवर साडेचार मीटरवर लावून बघितली. २० वर डिप १३.८६, ४० वर ६.९४, दोन्हीकडे एसडब्ल्यूआर १.६. आरजी-१७४ रिगपाशी मोजली. ७.१०० ला आणायला किती दुमडू?

लांबतार:

हिशेबाने २० ला प्रत्येक बाजू साधारण साडेबारा सेंटिमीटर, ४० ला एकूण चोवीसच्या आसपास. त्यातले साडेबारा आतल्या तुकड्यात गेलेच, म्हणून बाहेरच्या टोकाला बारा. पण आज सगळं दुमडू नका. गच्चीच्या स्लॅबमध्ये सळया आहेत आणि उंचीही कमी, त्यामुळे डिप प्रत्यक्षापेक्षा खाली दिसतोय. कातळावर साडेसहा मीटरला तो आपोआप थोडा वर सरकेल. सध्या निम्मं दुमडा, आत सहा आणि टोकाला सहा, वर चिकटपट्टी. उरलेलं माथ्यावर बघा.

माथ्यावर नॅनोव्हीएनए आधी तिथेच पुन्हा कॅलिब्रेट करा, मग कोॲक्स आणि चोक लावून रिगच्या बाजूने मोजा. हातात यंत्र धरल्यावर आकडा हलत असेल तर चोकचा एखादा फेरा सुटलाय किंवा जाळीचं सोल्डर गेलंय, वायरची लांबी त्यात शोधू नका.

१.६ ची काळजी नको. १० मीटर आरजी-१७४ च्या मागून मोजताय, म्हणजे फीड पॉइंटवर तो १.८ च्या जवळ असेल; कोॲक्सचं नुकसान एसडब्ल्यूआर थोडा चांगला दाखवतं. उंची वाढली की तोही उतरेल. उलट, पुढे कधी तो सगळ्या बँडभर सपाट १.२ दिसायला लागला तर आधी कोॲक्समध्ये पाणी शिरलंय का ते बघा.

गडवाट:

आत सहा, टोकाला सहा. रविवारी माथ्यावर. ७३ (शुभेच्छा).

काटकोन:

दोन जाळीच्या पिशव्या जास्तीच्या घ्या, फाटतात. ७३.